कमरेएवढा कट्टा

हार्बर मार्गावरच्या एका नव्या स्टेशनाबाहेर बस, रिक्षा आणि पायी चालणाऱ्यांची सोय कशी असावी, याचा आराखडा नव्वदच्या दशकात मी काढला. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. आमच्या ऑफिसचे प्रमुख असलेल्या सरांनी मला नोकरीत घेतलं, हाताला धरून काम शिकवलं. त्यांचे उपकार मी आजही मानतो.

पाहणीच्या वेळी खाडीकाठच्या गावांतल्या मासळीवाल्या बायका मी रोज बघायचो. गावातून चालत आल्या की त्या नाल्यावरच्या एका जुन्या मोरीच्या भिंतीवर पाटी टेकवत, दम खात आणि बस आली की भिंतीशी वाकून पाटी परत डोक्यावर घेत. भरलेली पाटी जमिनीवरून एकटीला उचलता येत नाही. ती मोरी पाडली जाणार होती, म्हणून मी बसथांब्याशेजारी कमरेएवढा कट्टा दाखवला.

बैठकीत सरांनी त्यावर पेन्सिल टेकवली. "हे काय? टवाळ पोरांना बैठक?"

सगळे हसले.

"काही खास कारण?"

कारण सांगायचं तर मला ते कसं कळलं, हेही सांगावं लागलं असतं. माझी आई तालुक्याच्या बाजारात पाटीतून भाजी विकायची. ऑफिसात मी सांगितलं होतं, घरी शेती आहे.

"नाही सर," मी म्हणालो. संध्याकाळी ट्रेसिंग पेपरवरची कट्ट्याची शाई मी अर्ध्या ब्लेडने खरवडून काढली. सरांचा मान राखला, अशी स्वतःची समजूत बरीच वर्षं घातली. खरं तर मला आईची लाज वाटली होती.

स्टेशन सुरू झाल्यावर एकदा तिथे गेलो. एक मासळीवाली भरली पाटी पायाशी ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत उभी होती.

"दादा, हात लाव रं जरा. आता टेकवाला काय ठेवलाच नाय इथं."

डोक्यावर स्वतःची पाटी घेऊन उभी असलेली तिची सोबतीण म्हणाली, "ज्यानी ह्यो बांधलाय ना, त्याचे आयशीनं कदी पाटी नाय उचलली!"

दोघी खदखदून हसल्या. मी वाकलो, पाटी उचलून तिच्या चुंबळीवर नीट बसवली. माझ्या आईने उचलली होती, एवढं तरी बोलायला हवं होतं.

"बस लागली, मावशी," मी म्हणालो. "चला लवकर."