हिंगाची डबी

काडी पेटीला टेकवली होती, एवढ्यात हे पलंगावरून म्हणाले, “अगं, तुझी हिंगाची डबी उघडी राहिलीय. अख्ख्या टेक्सासला वास गेला असेल.” देवापुढचा दिवा लावायचा होता. पिवळ्या पडद्यातून सकाळचं ऊन ट्रेलरभर, आमच्या चाकांवरच्या घरभर, सांडलं होतं, यांच्याशेजारी आमची तान्ही झोपली होती. माझं डोकं हलकं, पाय कापसाचे. फार छान वाटत होतं.

आज फ्रिस्कोत त्याच मुलीने स्वतःच्या ट्रेलरमधली गॅसची नळी, रेग्युलेटर, अलार्म, सगळं नवं बसवून घेतलं. “आई, तू बाहेर थांब, थोडा स्मेल येईल,” म्हणाली. तो गॅसचा वास आला, आणि मी पस्तीस वर्षं मागे गेले.

गॅसचा अलार्म तेव्हा आमच्याकडेही होता. माझी फोडणी पडली की कोकलायचा, म्हणून यांनीच त्याची वायर काढून ठेवलेली. आणि बोल मात्र मला. मी चिडले. काडी ठेवली, डबी काढून यांच्या नाकासमोर धरली. झाकण घट्ट, वरून चिकटपट्टी.

“अहो, बघा. आता बोला.”

मग हा वास कसला? दोघांनीही शेगडीमागच्या गॅसच्या नळीकडे पाहिलं. मी दार ढकललं, यांनी मुलीला पांघरुणासकट उचललं. मग कितीतरी वेळ आम्ही ओल्या गवतात नुसते बसून होतो. वर ढग सावकाश चालले होते.

तेव्हा वाटलं, भांडण मी जिंकले. आता वाटतं, गप्प बसले असते तर काडी ओढलीच असती.

आत आम्ही तिघं होतो. तिघंही वाचलो.