माझ्या पोटावर गल्लीचा डोळा

उन्हाळ्यात आम्ही गल्लीतल्या बायका मिळून बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, टाकत होतो. ज्वारीचं पीठ चुलीवर शिजत होतं आणि बायका पिठाकडे कमी, माझ्या पोटाकडे जास्त बघत होत्या...

पोट वाढलं होतं, खोटं कशाला बोलू. अर्धी भाकरी खाल्ली की गच्च व्हायचं, मळमळायचं, पाळीचा पत्ता नाही. वय शेचाळीस, मालकांना जाऊन सहा वर्षं झालेली... मग काय, गल्लीने लावायचा तो अर्थ लावला.

मीपण काही कमी नाही. मुद्दाम म्हटलं, "कैरी असली कोणाकडे तर द्या गं, फार आंबट खावंसं वाटतंय." एकीच्या हातातलं उलथणं तसंच थांबलं!

पण घरी एकटी असले की हसू यायचं नाही. पोटात टणक काहीतरी हाताला लागायचं... ते बाळ नाही, हे एकट्या मलाच माहीत होतं. तरी बायकांच्या दवाखान्यात जायचं टाळत राहिले. पायरीवर कोणी पाहिलं असतं तर गल्लीला पुरावाच मिळाला असता.

शेवटी लांब जळगावच्या दवाखान्यात निघाले, तर धाकटी जाऊ सुनंदा आपणहून सोबत. एरवी दोन मिरच्या मागितल्या तरी तोंड फिरवते, आणि आज एवढं प्रेम? म्हटलं, ही पहारा द्यायला येतेय.

एसटीत हळूच म्हणाली, "अक्का, खरं सांगा... पोटात काय शे?"

म्हटलं, "जुळं असेल. एक तू घे."

जळगाव येईपर्यंत बाई खिडकीबाहेरच बघत बसली.

दवाखान्यात आधी लघवी तपासली. नर्स म्हणाली, "दिवस गेलेले नाहीत." सुनंदाने एवढा मोठा श्वास सोडला की मला हसूच आलं. मग सोनोग्राफी. ही मशीनजवळ उभी, पोलीस पाटलासारखी. माझ्या बडबडीला हसणाऱ्या डॉक्टरीणबाई एकाएकी पोटावर एकाच जागी मशीनचा दांडा फिरवत राहिल्या...

"डाव्या अंडाशयावर मोठी गाठ आहे, ताई. ऑपरेशन करावं लागेल. साधी की कॅन्सरची, ते गाठ काढून तपासल्यावरच नक्की कळेल."

मी लुगडं सारखं करत उठून बसले.

सुनंदाने माझा हात गच्च धरला आणि रडायलाच लागली. "अक्का, याच्यापेक्षा पोर असतं तरी बरं होतं वं! गल्लीशी मी भांडली असती..."

जिच्यावर मी वाटभर संशय घेतला, ती हे बोलली.

ऑपरेशन झालं. रिपोर्ट यायला काही दिवस लागले, तेवढे दिवस ती माझ्या खाटेजवळून हलली नाही. रिपोर्ट आला... साधी गाठ. कॅन्सर नाही.

बायांनो, पोट उगाच वाढत असेल, दोन घासांत भरत असेल तर लोक काय म्हणतील म्हणून बसून राहू नका. मी बसले होते. माझं नशीब बरं म्हणून वाचले. आधी दवाखाना, मग लोकांची मजा घ्यायची.

काल सुनंदा मीठ-तिखट लावून कैरी घेऊन आली. म्हणाली, "खा आता बिनधास्त, कोणी बघणार नाही."

म्हटलं, "चल, ओट्यावर बसून खाऊ... बघू दे की!"