पिवळ्या सदऱ्यातला बापू

पोरं बायकांच्या हातून हरवतात. पुरुषांच्या हातून ती फक्त इकडेतिकडे होतात, असं माझं ठाम मत होतं. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. गोंदियाच्या प्रदर्शनात ‘शंभर वर्षांपूर्वीचं गाव’ उभारलं होतं: खरा कुंभार, खरं जातं, दळणारी खरी म्हातारी. ते दाखवायला मी थोरली मुलगी कमल आणि धाकटा बापू यांना घेऊन तिरोड्याहून निघालो. बायकोनं बापूला नवा पिवळा सदरा घातला आणि मला बजावलं, "दोघं नेऊन राहिले, दोघंच वापस आणा."

"मले का समजत नाही?" मी म्हणालो.

गावाभोवती दोर बांधला होता. आतल्या माणसांनी पाहुण्यांशी एक अक्षर बोलायचं नाही, असा हुकूम होता. (शंभर वर्षांपूर्वीची माणसं आपल्याशी बोलणार कशी? बोलली की त्या दिवसाची मजुरी गेली.) मी कमलला जातं, कणगी समजावू लागलो. हे सगळं आमच्या घरी होतंच. पण घरी त्यावर भाषण करू देतं कोण? भाषण रंगात आलं, वळून पाहतो तो बापू नाही.

कुंभाराला विचारलं. त्यानं चाक फिरवलं. लोहाराला विचारलं. त्यानं घण घातला. पलीकडे तळं होतं, रस्त्यावर बैलगाड्यांची रीघ होती, आणि परतीची गाडी तासाभरात सुटणार होती.

कमल धोतर ओढत म्हणाली, "बाबा, तो..."

"चूप राय."

हरवलेल्यांची नावं पुकारणाऱ्या भोंग्यावाल्याकडे धावलो. त्यानं विचारलं, "बच्चा कैसा दिखता है?"

"पिवळा सदरा."

"सदरा नहीं, चेहरा बताओ."

मी पुष्कळ आठवलं. "सदऱ्याच्या वर आहे," एवढंच सुचलं. (त्यानं भोंगा बंद केला.)

पुन्हा जात्यापाशी आलो. म्हातारीच्या मांडीवर एक उघडं, चिखलानं माखलेलं पोर घोरत होतं. "पिवळ्या सदऱ्याचा पोट्टा पाहिला का, माय?" ती पोराकडे पाही, माझ्याकडे पाही, पुन्हा पोराकडे पाही. मला वाटलं, सोंग वठवून राहिली. मी दोर ओलांडून आत घुसलो, कणगीत डोकावलो, खाट उलटी केली. बाहेर गर्दी जमली. एक शेठजी म्हणाले, "वाह, क्या असली काम करता है!"

"अरे, माहा पोट्टा हरवला," मी ओरडलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

संतापून मी म्हातारीकडे वळलो. "दुसऱ्याचा जीव जाऊन राहिला अन् तू हे शेंबडं पोट्टं घेऊन बसली?"

म्हातारीनं जातं थांबवलं. "गेली माही मजुरी," ती म्हणाली. "हे शेंबडं तुमचंच होय, बाप्पा. कुंभाराच्या चिखलात लोळलं. सदरा धुऊन मागं वाळत घातला."

"तेच तर मी सांगून राहिली," कमल म्हणाली.

मी बापूला उराशी धरलं आणि सगळ्यांदेखत रडलो. टाळ्या आणखी वाढल्या. म्हातारीची मजुरी मी माझ्या खिशातून दिली.

घरी कमलनं सगळं सांगितलं. पुढे पोरांना घेऊन कुठंही निघालो, की बायको दोघांना माझ्यासमोर उभं करी आणि म्हणे, "नीट पाहून घ्या. कपडे सोडून."

आणि मी मुकाट्यानं पाहून घेत असे.