वैनींचा सर्व्हर

एका फाईलसाठी अख्खा फोल्डर उचलून सर्व्हरवर टाकणाऱ्याचा आमच्या ऑफिसात जो उद्धार व्हायचा, तो खालच्या पानटपरीपर्यंत ऐकू जायचा. "आरं, खिडकीची काच बदलायला सांगितलंय, घर पाडायला न्हाय!" वैनी जागेवरूनच ओरडायच्या. "एक फाईल बदललीस न्हवं? मग एकच चढव की!" राजारामपुरीतल्या दोन खोल्यांत वेबसाइट बनवायची ही कंपनी त्यांनी आणि त्यांच्या धाकट्या दिरांनी मिळून काढली होती. गिऱ्हाईक आणायचं काम दिरांचं, सर्व्हर वैनींचा. दिरांना आम्ही साहेब म्हणायचो. वैनींना मॅडम म्हटलेलं अजिबात खपत नसे.

त्यांच्याविषयी प्रेमानं लिहायला बसलो की राग आडवा येतो. येऊ दे. त्यांनाही गोड गोड लिहिलेलं आवडलं नसतं.

सर्व्हरवर फायली चढवायच्या जुन्या पद्धतीवर, साध्या एफटीपीवर, त्यांचा भारी दात. त्यातून पासवर्ड उघडाच जातो. कुणी ते वापरताना दिसला की, "कडी न लावता आंघोळ करतोस व्हय रं?" असं चारचौघांत विचारायच्या आणि पासवर्ड झाकून नेणारं एसएफटीपी लावूनच पुढे जाऊ द्यायच्या. फोन नंबर वगैरे बदलायचा असेल तर साइट जिथं ठेवलेली असते त्या होस्टिंगच्या पॅनेलमध्ये जाऊन तेवढंच बदलायचं. तिघे-चौघे एकाच साइटवर असले तर प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं गिट, म्हणजे कुणी काय बदललं ते कळतं. मी शाहूवाडीहून नवीन आलो होतो. यातलं सगळ्यात चांगलं कोणतं, असं एकदा विचारून बसलो. "चांगलं-वाईट काय नसतंय," त्या म्हणाल्या. "फायली किती, हात किती जणांचा लागतोय, आनि चुकलं तर मागं येता येतंय का, येवढं बघ. मागं येता येत न्हाय तितं पाऊलच टाकू नको." आज मी दुसऱ्या कंपनीत आहे. तिथली साधनं निराळी आहेत, पण काहीही चढवण्याआधी मी हेच बघतो.

चढवण्याआधी जुन्या साइटची प्रत बाजूला ठेवायची, हा त्यांचा नेम होता. ती ठेवली नाही असं कळलं की त्या दिवशी आमचं काही खरं नसे. ओरडून झालं की मात्र डब्यातला खर्डा आमच्यापुढे सरकवायच्या आणि "खा, रडू नको," म्हणायच्या. खर्ड्यानं डोळ्यांत पाणी यायचं ते निराळंच.

आमच्या गिऱ्हाइकांत इचलकरंजीचे एक कापडाचे व्यापारी होते. त्यांचे जावई पुण्यात असतात, त्यांना कॉम्प्युटरमधलं कळतं. एकदा जावयांना सासऱ्यांच्या साइटवर काहीतरी सुधारायची हुक्की आली आणि त्यांनी साहेबांकडे पासवर्ड मागितला. जावई म्हणजे पावणं. पावण्याला नाही कसं म्हणायचं? साहेबांनी वैनींना न विचारता पासवर्ड देऊन टाकला. जावयांनी आपल्याकडचा कधीचा जुना फोल्डर उचलला आणि चालू साइटवर जसाच्या तसा टाकला. नवी डिझाइनं गेली, ऑर्डर घ्यायचं पान गेलं. सकाळी शेठचा फोन आला तो शिव्यांनीच सुरू झाला.

सर्व्हरच्या नोंदीत स्वच्छ दिसत होतं, फायली साहेबांनी दिलेल्या लॉगिननं पुण्याहून चढल्या ते. वैनींनी साहेबांना ते दाखवलं आणि बाजूला ठेवलेली प्रत काढून साइट परत उभी करायला बसल्या. तिकडे साहेब फोनवर शेठना सांगत होते, "आमच्या वैनींच्या हातनं झालं बघा. बाईमाणूस, गडबडीत चुकलं." आम्ही सगळे ऐकत होतो. वैनीही ऐकत होत्या. मला वाटलं, आता छप्पर उडणार. पण शेवटची फाईल चढेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

साइट सुरू झाल्यावर साहेब त्यांच्याजवळ गेले. "जावयाचं नाव सासऱ्याला कसं सांगायचं, वैनी? तुमी घरच्या. तुमी सोसाल." हे 'सोसाल' आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. जिच्या जिवावर ऑफिस चालतं तिला खोटं पाडायचं आणि वर तिनंच समजून घ्यायचं! आणि हे सांगताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, उलट घर सांभाळल्याचा आव होता.

वैनी उठल्या आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या खुर्चीत जाऊन बसल्या. "घरच्या माणसाला काय बी म्हणायचं असतंय, व्हय?" त्या म्हणाल्या. त्यांचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मग मी बी आता पावणीच समजा, भावजी. शेठला फोन लावा. जावयाचं नाव घिऊ नका. माझ्यावरचा आळ तेवढा काढा."

साहेबांनी फोन उचलला. आम्ही सगळे काम सोडून बघत होतो.

"दोन चहा पाठव रे वर," ते फोनमध्ये खालच्या चहावाल्याला म्हणाले. "एक बिनसाखरेचा. आमच्या वैनी घेत्यात."

वैनींनी पर्स घेतली, चपला घातल्या आणि जिना उतरून गेल्या. त्यानंतर त्या ऑफिसात कधी आल्या नाहीत. चहा आला. साहेबांनी आपला घेतला आणि मग, थंड होईल म्हणून, वैनींचाही घेतला.