लिफ्टच्या दारावरचं शब्दकोडं

वैशाली नगरातल्या आमच्या पाचव्या मजल्यावर मी दर रविवारी मराठीचा वर्ग घेतो. बँकवाल्यांची, विमावाल्यांची, फौजेतल्यांची मिळून दहा-बारा पोरं. पण आवाज असा की तिकडे आमेरच्या किल्ल्यावर हत्ती कान मिटून घेतात. "मतलब, काका, आज गोष्ट नको, कोडं द्या!" असा धोशा लावून त्यांनी मला शब्दकोड्यांचा कारखानदार करून टाकलं. संविधान, मतदान, न्याय... सगळे हक्कांचे शब्द. नियम एकच: शब्द सुटला की त्याचं उदाहरण आपल्या घरातलं नाहीतर इमारतीतलं द्यायचं. पुस्तकातलं दिलं तर चकली नाही. आणि बायकोच्या चकलीसाठी तर सरकारं पडतील!

एका रविवारी 'भेदभाव' सुटला. तिसरीतली एक चिमुरडी उभी राहिली. "आपली लिफ्ट. बाईजींना नाही."

बाईजी आमच्याकडे आणि वरच्या आणखी दोन-तीन घरी धुणीभांडी करतात. खाली लिफ्टच्या दारावर पाटी होती: कामवाल्यांनी जिना वापरावा. त्यांचे गुडघे सुजून भोपळे झाले होते. "साबजी, अब ऊपर के घर छोड़ने पड़ेंगे," असं त्या म्हणाल्याही होत्या. यावर मी काय केलं? जिन्याच्या वळणावर एक खुर्ची ठेवली आणि स्वतःला थोर समाजसुधारक समजू लागलो.

पोरांनी त्या पाटीवरच कोडं चिकटवलं. सूचना हिंदीत, शब्द दोन्ही भाषांत चालणारे. संध्याकाळपर्यंत अख्खी इमारत खाली गोळा. लिफ्ट येई, लिफ्ट जाई, चढायचं कुणाला भान नाही. घरोघरी कुकर शिट्या मारून मारून घसा बसवून घेत होते. कोड्यातली चार घरं तेवढी रिकामी राहिली. सूचना होती: जो बाईजी को इस लिफ़्ट में नहीं मिलती. उत्तर येत नव्हतं असा एकही नव्हता, पण पेनाचं टोपण कुणी काढेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन परततो तोच सोसायटीचे सेक्रेटरी आले. त्यांच्या मिशांनी दोन मजल्यांचा जिना झाडून निघेल. "किसने लगाया?" ते गरजले. शाळेच्या बससाठी थांबलेली पोरं आभाळ बघू लागली. पण हा माणूस पेपरातलं कोडं सोडवल्याखेरीज चहाला न शिवणारा. रिकामी घरं त्यांना बघवेनात. त्यांनी पेन काढलं आणि लिहिलं: समानता.

"अब उदाहरण, अंकल!" पोरं एकसुरात ओरडली. "अपनी बिल्डिंग का!"

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. फारच सुरेख छत आहे आमचं. तेवढ्यात बाईजी आल्या आणि जिन्याकडे वळल्या. सेक्रेटरींनी कोड्यासकट पाटी उतरवली, काखेत मारली आणि लिफ्टचं दार उघडून धरलं. "आइए, बाईजी."

त्या पोरांचे उपकार मी सात जन्म चकल्या तळल्या तरी फिटायचे नाहीत. शब्द माझे होते, पण त्यांच्यात जीव घातला तो त्यांनी.

बाईजी आत गेल्या, पदर सावरला आणि सेक्रेटरींना म्हणाल्या, "पांचवां दबाओ साब. खड़े क्या हो?"