साहेबांचा कॉम्प्युटर आणि आमच्या कुसुमताई

ऑफिसात एखादं नवं यंत्र आलं की कामं बाजूला राहतात आणि किस्से मात्र फायलींसारखे साठत जातात. आमच्याकडे ऐंशीच्या दशकात कॉम्प्युटर आला. संत्रा बागायतदारांची सहकारी संस्था, रामदासपेठेत दोन खोल्या आणि टायपिस्ट आम्ही दोघी, कुसुमताई आणि मी.

साहेबांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, हा सुरळीत चालला की टाइपरायटर विकायचे आणि कुसुमताईंची बदली नरखेडच्या शाखेत. ताईंच्या घरी लकवा झालेली सासू. रोज एसटीनं जाऊन-येऊन तिचं कोण करणार? आमची तळपायाची आग मस्तकात गेली. ताई मात्र एवढंच म्हणाल्या, "आधी त्याले तोंड तं दाखवू द्या, साहेब."

कारण बटण दाबलं, हिरवा दिवा लागला, आतून घुर्रर्र आवाज सुरू झाला आणि पडदा काळाकुट्ट!

*

साहेबांचा रेडिओचा अनुभव दांडगा. गरम व्हायला वेळ लागतो, म्हणाले. आम्ही चपला बाहेर काढून जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्या काळ्या काचेत आपापले चेहरे बघत बसलो. आम्हा दोघींना मिळून एक पंखा, कॉम्प्युटरला मात्र एसी. मी विचारलं, एवढ्या गारठ्यात हा गरम व्हायचा कसा? साहेबांना तो उद्धटपणा वाटला. वाटू दे!

*

मग मुंबईच्या कंपनीला ट्रंककॉल. तिकडून सांगितलं, एकदा बंद करून परत चालू करा. साहेब ओरडले, "नामदेव, बंद कर!"

आमचा शिपाई नामदेव भलता आज्ञाधारक. त्यानं बिल्डिंगचा मेन स्विचच खाली ओढला. वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर. त्यांची खुर्ची पेशंटसकट अर्ध्यातच अडकली. डॉक्टर हातात पक्कड घेऊन तसेच खाली आले आणि दारात उभे राहून विचारते झाले, "कोणाचा काढायचा आहे?"

*

शेवटी मुंबईहून इंजिनीअर आला. त्याच्यासाठी सावजी मटण सांगायला साहेब स्वतः बाहेर गेले. तेवढ्यात त्यानं पडद्याखालची एक गोल खुंटी बोटानं फिरवली आणि पडदा उजळला. उजेड कमी-जास्त करायची खुंटी होती ती.

"याला पुसतं कोण?" त्यानं विचारलं.

पुसायचा मान फक्त साहेबांचा. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, असा हुकूमच होता. पहिल्या दिवसापासून ते रोज सकाळी रुमालानं घासूनपुसून घ्यायचे आणि त्यात खुंटी फिरून जायची.

साहेब परत आले तेव्हा इंजिनीअर मटणावर ताव मारता मारता म्हणाला, "बारीक फॉल्ट होता." एवढा प्रवास करून खुंटी फिरवली, हे तो कशाला सांगेल? आम्हीही सांगितलं नाही. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

पुढे साहेब पुसायचे, पडदा काळा व्हायचा आणि ते चहाला गेले की कुसुमताई खुंटी फिरवायच्या. अर्थात मर्जी असली तर. साहेब म्हणायचे, मशीन लहरी आहे, पण चालतंय.

*

आणि मग आली खंडेनवमी. त्या दिवशी यंत्राची पूजा झाली की त्याला कोणी हात लावत नाही, ही ऑफिसातली जुनी रीत. टाइपरायटर पाटावर मांडले, झेंडूच्या माळा घातल्या. पूजेचा म्हणून साहेबांनी कॉम्प्युटर त्या सकाळी जरा जास्तच पुसला होता.

पूजा आटोपली तसे साहेब खाडाखोड केलेला एक कागद घेऊन आले. कॉम्प्युटरवर काही दिसत नाही, संस्थेचे अध्यक्ष संध्याकाळच्या गाडीनं निघतात, सही आजच पाहिजे, तेव्हा एवढं टाइप करून द्या.

ताईंनी कागद सावकाश वाचला. त्यांच्याच बदलीची ऑर्डर होती ती.

"माह्या बदलीचा कागद मीच टाइप करू काय?"

"ऑफिसचं काम आहे," साहेब म्हणाले.

"पूजा झाली ना, साहेब. मशीनले आज हात लावत नाही."

"मग मी हातानं लिहून काढतो," म्हणत साहेबांनी खिशातलं पेन काढलं.

ताईंनी ते अलगद त्यांच्या हातातून घेतलं, पाटावर टाइपरायटरशेजारी ठेवलं, हळद वाहिली, कुंकू वाहिलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं.

"हे राहूनच गेलं होतं," असं म्हणून त्यांनी साहेबांच्या रिकाम्या हातावर प्रसाद ठेवला.