टोपण पाहावं बसवून

अत्तराच्या दुकानात वास साचतो, असं लोकांना वाटतं. साफ चूक! वास उडून जातो हो, साचतात ते किस्से. अन् आमच्याकडचे निम्मेअधिक किस्से वासाचे न्हाईतच, टोपणांचे आहेत.

आधी माणसं सांगतो. जालन्यात माझ्या शाळूसोबत्याचं, सलीमचं, अत्तराचं दुकान आहे. त्याच्या अब्बांपासूनचं. मी एका शाळेत चित्रकला शिकवतो आणि शाळा सुटली की दुकानात जाऊन बसतो. सलीमनं स्वतःचा परफ्यूम काढायचं ठरवलं तेव्हा मला म्हणाला, "मिलिंद, बाटली कुठं बी मिळून जाईल. टोपण तू निवड. लोक आधी टोपण बघतात, मंग वास घेतात." पॅकिंगला वंदनाताई. आणि दुकानामागच्या घरात सलीमच्या अम्मी. त्या दुकानात क्वचित येतात, पण त्यांचा आवाज पडद्याआडून सगळा कारभार बघतो.

*

आमच्या हेडसरांनी एकदा मला गेटवरच गाठलं. "काय हो, शाळा सुटली की रोज पळता कुठं?"

"सर, एक चांगलं ढक्कन शोधून राह्यलोय."

हेडसरांनी स्टाफरूमकडं एक नजर टाकली. "मग बाहेर कशाला जाता?"

*

पहिलं सॅम्पल आलं ते सोनेरी मुकुटाचं. चकचकीत, वर लाल खडा. सलीम तर हरखूनच गेला. "याला म्हणतात शान!" बाटली शोकेसमध्ये मधोमध मांडली. फोटो काढायला मोबाईल उचलतो तोवर बाटली धाडकन तोंडावर! परत उभी केली. रस्त्यावरून ट्रक गेला, परत आडवी. भिंतीला टेकवली, तर कुशीवर झोपली.

वंदनाताई खोके चिकटवता चिकटवता म्हणाल्या, "भाऊ, फेटाच नवरदेवापेक्षा जड झाला. बोहल्यावर उभं राहील कसं बिचारं?"

*

मग लाकडी टोपणं आणली. दिसायला इतकी देखणी की हातातून सोडवेना. उन्हाळा झकास गेला. पाऊस लागला आणि लाकूड फुगलं!

टेंभुर्णीचे एक काका बाटली घेऊन आले. पांढराशुभ्र कडक शर्ट, थेट लग्नाला निघालेले. "सलीमभाई, हे उघडंना की!" सलीमनं ओढलं, मी ओढलं, काकांनी दोन्ही गुडघ्यांत बाटली धरून ओढलं. शेवटी शेजारच्या पंक्चरवाल्याची पकड आणली. काकांनी बाटली छातीशी घट्ट धरली, मी जोर लावला, आणि टोपणाबरोबर स्प्रेचा पंपच उपटून आला. सगळा माल काकांच्या शर्टावर!

काकांनी शर्ट नुसता झटकला. लग्नाला उशीर होत होता, तसेच गेले. पुढच्या आठवड्यात दारात उभे. आम्ही म्हटलं, आता काही खरं न्हाई.

"तसलीच बाटली द्या," काका म्हणाले. "मांडवात सगळे विचारून राह्यले, कोणता सेंट हाय म्हणून. फक्त घरी गेल्तो तर बायको म्हणली, सेंट लावून आले का दुकान नेसून आले?"

*

त्यानंतर चुंबकाचं टोपण. बाटलीजवळ नेलं की आपोआप 'टक' करून बसायचं. सलीम दिवसभर टक-टक, टक-टक करत बसला. आतून अम्मींचा आवाज आला, "सलीम, अत्तर बेच रा के बटनां दबा रा?"

पण ते टोपण फार दिवस टिकलं न्हाई. आमचं गाव पडलं लोखंडाचं. एका कारखान्यात कामाला असलेला जावेद ती बाटली डब्याच्या पिशवीत घेऊन कामावर गेला. टोपण खाली पडलं, त्यानं उचललं आणि संध्याकाळी तसंच आमच्या काउंटरवर आणून ठेवलं. वरून खालपर्यंत लोखंडाचा बारीक कीस चिकटलेला.

"भाई," तो म्हणाला, "तुमच्या टोपणाला दाढी आली!"

*

एक डिझाइन खास माझं. आपल्याकडं कापूस पिकतो, मग टोपण फुटलेल्या बोंडाच्या आकाराचं का नको? रात्रंदिवस स्केचेस काढली. पांढऱ्या पाकळ्या, खाली हिरवी कड. मी स्वतःवरच खूश! पहिलंच गिऱ्हाईक आलं, अंबडकडचं. जन्म कापसात गेलेला माणूस. त्यानं बाटली फिरवून फिरवून बघितली.

मी म्हटलं, "ओळखा पाहू कशाचं आहे?"

"ओळखलं की," तो म्हणाला, "पण लसणाचा सेंट कोण घेतं?"

*

आता अम्मींचं सांगतो.

सलीमच्या मनात एक सल होता. सगळं गाव त्याचा परफ्यूम लावायचं, अम्मी लावायच्या न्हाईत. प्रत्येक नवी बाटली तो आधी त्यांना द्यायचा. त्या दुवा द्यायच्या, कपाटात ठेवायच्या. "अब्बांच्या अत्तराची सर आपल्याला येत न्हाई, दुसरं काय," असं तो म्हणायचा.

ईद तोंडावर आलेली. उंच, निमुळतं, गुळगुळीत टोपण आम्ही पक्कं केलेलं. दुपारी सलीम जेवायला आत गेला आणि उलट्या पावली बाहेर आला. तोंड उतरलेलं.

"काय झालं रे?"

"अम्मी दातानं टोपण उघडून राह्यलीय."

संधिवातानं त्यांची बोटं वाकली होती, ते आम्हाला ठाऊक होतं. पण टोपण चिमटीत धरवत न्हाई, हे त्या माउलीनं कधी बोलूनच दाखवलं न्हाई. सलीमला बघून त्यांनी बाटली ओढणीखाली लपवली होती.

"ती ऑर्डर थांबव," सलीम म्हणाला.

"अरे, ईद आलीय!"

"येऊ दे."

मग अम्मींसारखी चिमूट धरता येऊ नये म्हणून आम्ही तिघांनी बोटांना फडकी गुंडाळली आणि मिळतील ती टोपणं उघडून बघितली. वंदनाताईंच्या हातून अर्धी घरंगळली, माझ्या हातून सगळी. शेवटी एक सापडलं. रुंद, बसकं, कडेला खाचा असलेलं. नुसत्या तळव्यानं रेटलं की उघडायचं.

ईदच्या आदल्या दिवशी सलीमनं ती बाटली अम्मींसमोर ठेवली. आम्ही पडद्याशी श्वास रोखून उभे. अम्मींनी तळवा टेकवला, जरासं रेटलं. उघडलं! त्यांनी ते परत बसवलं, परत उघडलं. लहान पोरीसारख्या हसल्या. सलीमनं मान फिरवून डोळे पुसले.

मग त्यांनी मनगटावर फवारा मारला, डोळे मिटले आणि सावकाश वास घेतला. परत एकदा घेतला.

सलीमला राहवलं न्हाई. "अम्मी, कैसा है?"

"ढक्कन बहोत अच्छा है, बेटा," अम्मी म्हणाल्या. "अब अंदर के माल पे बी थोडी मेहनत करो!"